अर्थ माहीत आहे, इंग्रजी शब्द सापडत नाही: उलटा शोध घ्यायचा कसा?

हळदगंध (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. इंग्रजी वाचायला अडचण नाही, मेल लिहायलाही नाही. अडतं एकाच ठिकाणी. वस्तू डोळ्यांसमोर असते, तिचं काम माहीत असतं, मराठी शब्द तर रोजच्या तोंडातला असतो, पण इंग्रजी शब्द काही केल्या हाताला लागत नाही. डिक्शनरी उघडावी तर ती शब्द दिल्यावर अर्थ सांगते. माझ्याकडे अर्थ आहे, शब्द हवाय.

सध्या अडलेले चार:

१. गोदामात पोत्यांची थप्पी लावताना जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या घालतात त्या. पॅलेट म्हटलं तर चालेल का?

२. पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ, टोकदार सळई.

३. जेठा गड्डा, म्हणजे हळदीचा मधला मोठा कंद. हळकुंड म्हणजे फिंगर, गड्डा म्हणजे बल्ब, इथवर ठीक. जेठ्याला काय म्हणतात?

४. पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीत खणलेलं कोठार. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची माहिती वाचून गिऱ्हाइकं हरिपूरच्या पेवांबद्दल विचारतात. त्यांना एका शब्दात काय सांगू?

शब्द सांगितलेत तर आभारी आहेच. पण खरं तर मला रीत हवी आहे, म्हणजे पुढचा शब्द माझा मला शोधता येईल.

---

थप्पीवाला (कुपवाड)

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. पॅलेट लिहू नका, डनेज लिहा. पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत घालून मालासकट उचलायची चौकट. तुमच्या फळ्या उचलायच्या नाहीत, त्या थप्पीखालीच राहणार. सरकारी धान्य गोदामांच्या कागदपत्रांतही डनेज हाच शब्द असतो. कंटेनर भरताना याच शब्दावरून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते, ती सवडीने लिहितो. आत्ता गाडी लागली आहे.

---

कराडचा_अनुवादक

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. एक, शब्द कधीतरी वाचलेला आहे, पण आत्ता आठवत नाही. दोन, शब्द आपल्याला ठाऊकच नाही, पण इंग्रजीत तो आहे. तीन, इंग्रजीत त्या गोष्टीला चालता-बोलता असा एक शब्दच नाही. आपण यातल्या कुठल्या प्रकारात आहोत हे आधी ठरवलं की निम्मी पायपीट वाचते.

पहिल्या प्रकारावर १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोघांनी हार्वर्डमध्ये प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या नुसत्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. उदाहरणार्थ, समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढायचं यंत्र. उत्तर सेक्स्टंट. ज्यांना शब्द अगदी ओठांवर येऊन अडल्यासारखा वाटत होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर आणि त्यात किती उच्चारखंड आहेत हे बरोबर सांगता येत होतं. म्हणजे आठवत नसलेल्या शब्दाचाही एक तुकडा आपल्या हातात असतो. तो टाकून देऊ नका. वनलुक नावाच्या संकेतस्थळावर पहिलं अक्षर, त्यापुढे तारा, मग दोन टिंबं, मग अर्थ असं लिहिता येतं (अ*:अर्थ अशा घाटाचं, अक्षर अर्थातच इंग्रजी). त्या अक्षराने सुरू होणारे आणि त्या अर्थाच्या जवळचे शब्द समोर येतात. विसरलेल्या शब्दासाठी यापेक्षा सोपी सोय मला माहीत नाही.

तुमचे बहुतेक शब्द दुसऱ्या प्रकारातले आहेत. तिथे अर्थावरून शब्द देणारा कोश, म्हणजे रिव्हर्स डिक्शनरी, उपयोगी पडते. वनलुकवर तीही आहे, फुकट आहे. पण लोक तिथे जातात, वाक्य टाकतात, भलतंच काहीतरी येतं आणि कंटाळून बाहेर पडतात. कारण आपण वाक्य मराठी वळणाने टाकतो. मराठीत उपयोग आधी येतो आणि वस्तू शेवटी: "पोत्यातून नमुना काढायची सळई". इंग्रजी कोशकार आधी वस्तूची जात सांगतो आणि मग तिचं वेगळेपण: अवजार, निमुळती पोकळ नळी, मोठ्या साठ्यातून तपासणीसाठी नमुना काढायला. उलटा कोश आपलं वाक्य अशाच व्याख्यांशी ताडून बघतो. तेव्हा आपणही व्याख्येच्याच भाषेत विचारायचं. सळईसाठी स्टिक किंवा रॉड लिहाल तर चुकाल, कारण कोशात त्या वस्तूची जात ट्यूब किंवा इन्स्ट्रुमेंट अशी लावलेली असते. जात एकदा बरोबर बसली की शब्द वर येतो: ट्रायर. नुसतं ट्रायर म्हणजे प्रयत्न करणारा माणूसही होतो, म्हणून व्यापारी पत्रात सॅम्पलिंग ट्रायर किंवा बॅग ट्रायर लिहा.

आणि सापडलेला शब्द तसाच मेलमध्ये घालू नका. तो पुन्हा साध्या डिक्शनरीत घाला आणि शब्दाकडून अर्थाकडे चालत या. शेजारी जुना, नौकानयनातला, बोलीतला अशी काही खूण आहे का बघा. मग तो शब्द अवतरणचिन्हांत घालून सोबत टर्मरिक किंवा स्पाइस लिहून गूगलवर टाका आणि तो कोण वापरतंय ते वाचा. मसाल्याचे व्यापारी वापरत असतील तर आपला. नुसत्या शब्दकोड्यांच्या पानांवर दिसत असेल तर आपला नाही. एक नमुना सांगतो. बारदानाचं वजन वजा करणं म्हणजे टेअर, हा शब्द आजही जगभर चालतो. त्याच्याच शेजारी कोशात ट्रेट असा शब्द मिळेल: टेअर वजा केल्यावर घाण-कचऱ्यापोटी दर १०४ पौंडांमागे ४ पौंड सूट द्यायची जुनी इंग्रजी व्यापारी रीत. अर्थ तुमच्या कामाला चपखल बसतो, आणि शब्द कधीच वापरातून गेला आहे. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडेल.

---

फळा_आणि_खडू (सातारा)

वरचा प्रतिसाद फार चांगला आहे. त्यात थोडी भर घालतो.

आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं शब्दसमूहाबद्दल एक शब्द अशा याद्या घोकतात. साईड म्हणजे मारणे, फोबिया म्हणजे भीती, क्रसी म्हणजे सत्ता. परीक्षेपुरतं ठीक आहे आणि त्या निमित्ताने लॅटिन-ग्रीक धातू ओळखीचे होतात, हा फायदा मी कमी लेखत नाही. पण कामाच्या जागी लागणारे शब्द त्या याद्यांत नसतात. डनेज कुठल्याही गाईडमध्ये मला आढळलेला नाही.

अर्थावरून शब्द शोधण्याची रीतसर सोय इंग्रजीत रॉजेटने केली. पीटर मार्क रॉजेट व्यवसायाने डॉक्टर. १८०५ मध्ये त्याने स्वतःच्या लिखाणासाठी शब्दांची विषयवार वही केली आणि १८५२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिचाच वाढवलेला थिसॉरस छापला. सगळा शब्दसंग्रह एक हजार विषयांखाली लावलेला. हल्ली थिसॉरस म्हणजे समान अर्थाच्या शब्दांची अकारविल्हे यादी असं मुलांना वाटतं. मूळ कल्पना त्याहून मोठी होती. शब्द माहीत नसेल तर विषयातून आत शिरा, शेजारपाजारचे शब्द बघत बघत हव्या त्या शब्दापर्यंत पोचा.

आपल्याकडे ही मांडणी त्याच्या किती आधीपासून आहे! अमरकोश वर्गांनीच लावलेला आहे. हळदगंध ताईंना आवडेल म्हणून सांगतो, हळद तिथे वैश्यवर्गात, व्यापाराच्या जिनसांमध्ये येते. निशा, कांचनी, पीता, हरिद्रा, वरवर्णिनी ही तिची नावं एका ओळीत मिळतात. ज्याला हरिद्रा हा शब्दच ठाऊक नाही, त्याने वैश्यवर्ग उघडला तरी तो हळदीपर्यंत पोचतो. मुलांना मी हे मुद्दाम दाखवतो. विषयावरून शब्द शोधणं ही आपल्या भाषांची जुनी सवय आहे, ती इंग्रजीसाठीही लावता येते.

---

वाईघाट

जेठ्या गड्ड्यासाठी मी वाईची वाट सुचवतो. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईतूनच उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. लोक विश्वकोश माहितीसाठी उघडतात. पण इंग्रजी शब्द शोधायला तो किती उपयोगी आहे हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मराठी नोंद वाचता वाचता शास्त्रीय संज्ञा भेटतात आणि बऱ्याच ठिकाणी नोंदीपाशीच इंग्रजी आणि लॅटिन नावं दिलेली असतात. शिवाय परिभाषासंग्रहाचा वेगळा खंडही आहे.

हळदीचंच घ्या. जमिनीखाली वाढणाऱ्या अशा खोडाला विश्वकोशाच्या भाषेत मूलक्षोड म्हणतात. हा शब्द बाजारात कोणी वापरत नाही, पण त्याचा इंग्रजी जोडीदार ऱ्हायझोम आहे आणि तो कृषी विद्यापीठांपासून निर्यातदारांपर्यंत सगळे वापरतात. आता ऱ्हायझोम धरून पुढे चला. लागवडीवरचं कुठलंही इंग्रजी पत्रक उघडा. बेण्यासाठी ठेवायचा मधला मोठा कंद तिथे मदर ऱ्हायझोम या नावाने भेटेल. तोच तुमचा जेठा. आपण त्याला थोरला म्हणतो, ते आई म्हणतात. बगल गड्ड्यांसाठी आणि हळकुंडांसाठी प्रायमरी आणि सेकंडरी हे शब्दही त्याच पानावर सापडतील.

अजून एक सोपी वाट. मराठी विकिपीडियावर लेख असेल तर तो उघडून भाषांच्या यादीतून इंग्रजीवर टिचकी मारा. समोरच्या पानाचं शीर्षक म्हणजे तुमचा शब्द. झाडं, पक्षी, आजार, अवजारं यांसाठी हे उत्तम चालतं.

मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) इंटरनेटवर शोधता येतो. जुने शेतीचे, बाजाराचे मराठी शब्द त्यात भरपूर आहेत. त्यातलं इंग्रजी मात्र त्या काळचं आहे, म्हणून कराडच्या अनुवादकांनी सांगितलेली उलट तपासणी तिथे जास्तच जरुरीची.

---

मिरजेची_सिस्टर

माझं क्षेत्र वेगळं आहे, पण या धाग्यात लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे शब्द चुकला तर पेशंटला त्रास होतो.

मिरजेला कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून पेशंट येतात. तक्रार ते त्यांच्या भाषेत सांगतात आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहायची असते. "पायाला मुंग्या येतात" हे घ्या. उलट्या कोशात अंगावर मुंग्या फिरल्यासारखं वाटणं असं टाकलं तर फॉर्मिकेशन हा शब्द येतो. खरा वैद्यकीय शब्द आहे, मुंगीच्या लॅटिन नावावरूनच झालेला. वाचणाऱ्याला वाटेल, अगदी नेमका मिळाला. पण डॉक्टर तो वाचतील तेव्हा त्यांना कळेल की पेशंटला कातडीवर किंवा कातडीखाली किडे सरपटल्याचा भास होतोय. तो विचार नशेच्या पदार्थांकडे, काही औषधांकडे जातो. आपल्या माणसाला म्हणायचं असतं पाय बधिर होऊन झिणझिण्या येतात. त्याला टिंगलिंग, साध्या भाषेत पिन्स अँड नीडल्स, केसपेपरच्या भाषेत पॅरेस्थेशिया. मधुमेहाच्या पेशंटमध्ये तर या तक्रारीला फार महत्त्व असतं.

म्हणून मी शिकाऊ मुलींना सांगते, पेशंटच्या शब्दातलं चित्र इंग्रजीत नेऊ नका. त्याला आत काय होतंय ते विचारा आणि त्याचा शब्द शोधा. बधिर आहे का? टोचतंय का? भाजल्यासारखं होतंय का? दिवसभर की रात्री?

दुखण्याच्या शब्दांसाठी एक तयार सोयही आहे. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, चमक म्हणजे शूटिंग, आग म्हणजे बर्निंग. शेजारी शेजारी वाचले की फरक कळतो. वर सरांनी लिहिलेल्या विषयवार मांडणीचाच हा एक छोटा अवतार. भिंतीवर लावायच्या योग्यतेचा आहे.

---

नवी_पालवी (इस्लामपूर)

आता एआयला मराठीतच विचारलं तर तो शब्द सांगतो. मग एवढी खटपट कशाला?

---

कराडचा_अनुवादक

@नवी_पालवी, विचारा, जरूर विचारा. मीही विचारतो. मराठीत वर्णन केलेलं त्याला कळतं, हा मोठाच फायदा आहे. पण एकच शब्द मागू नका. तीन-चार मागा, प्रत्येकाचं एक वाक्य मागा, आणि कुठल्या व्यवसायातली माणसं तो वापरतात ते विचारा. त्यातून एक निवडून स्वतः डिक्शनरीत बघा. सिस्टरांनी सांगितलेला फॉर्मिकेशन कुठलंही यंत्र तुम्हाला आत्मविश्वासाने देईल, कारण वर्णनाशी तो तंतोतंत जुळतो. वर्णनच चुकीच्या दिशेचं होतं हे पेशंटशी बोललेल्या माणसालाच कळतं. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवतो आहे.

---

थप्पीवाला (कुपवाड)

मघाशी राहिलेलं लिहितो.

डनेज हा मूळचा जहाजावरचा शब्द. जहाजाच्या पोटात माल हलू नये, भिजू नये म्हणून खाली आणि फटींत घालायचं लाकूड, चटया वगैरे. गोदामात तो नंतर आला. त्यामुळे ताई, तुम्ही मेलमध्ये नुसतं वुडन डनेज लिहिलंत तर समोरचा समजेल की कंटेनरमध्येही लाकूड घालून पाठवताय. तसं असेल तर त्याला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये तो आला. पॅलेट, खोके आणि डनेज तिन्ही त्यात येतात. लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं द्यावी लागते आणि त्यावर ठरलेला शिक्का लागतो. (धुरी देऊनही चालतं, पण शिक्का हवाच.) शिक्का नसला तर तिकडच्या बंदरात माल अडकतो.

म्हणून शब्दाला जागा जोडा. गोदामातलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि कंटेनरमध्ये लाकूड नसेल तर तेही त्याच वाक्यात लिहून टाका. दोन शब्द वाढले तरी हरकत नाही.

---

हळदगंध (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

थप्पीवाला दादा, तुमच्या सांगण्यावरून वाक्य असं केलं: गोदामात पोती लाकडी डनेजवर, भिंतीपासून अंतर सोडून थप्पी लावलेली, कंटेनरमध्ये लाकूड नाही. ट्रायर आणि मदर ऱ्हायझोम दोन्ही उलट तपासले, दोन्ही मसाल्याच्या कागदपत्रांत सापडले.

पेवाचं मात्र सांगते. उलट्या कोशात जमिनीखालचं कोठार असं टाकलं तर मॅटामोर हा शब्द मिळाला. अरबीतून आलेला, अर्थ अगदी बरोबर, जमिनीत खणलेलं कोठार. पण शोधून बघितलं तर तो कोशांपलीकडे फारसा दिसेना. माझ्या जर्मन गिऱ्हाइकालाही तो कळणार नाही आणि ज्याला कळेल त्याच्या डोळ्यांपुढे उत्तर आफ्रिका येईल, हरिपूर नाही. म्हणून हा तिसऱ्या प्रकारातला शब्द धरला. पेव तसंच ठेवलं आणि पुढे एक ओळ जोडली: कृष्णा-वारणा संगमाजवळच्या मातीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा खड्डा, वर मातीने बंद केलेला, आत हवा न गेल्यामुळे हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात बरीच पेवं खचली, तेही लिहिलं, कारण आज बहुतेक माल कोल्ड स्टोरेजमध्ये असतो आणि गिऱ्हाइकाचा गैरसमज व्हायला नको.

---

कराडचा_अनुवादक

मॅटामोर सोडून दिलात हे उत्तम केलंत. पेव हा शब्द असाच चार मेलमधून गेला की गिऱ्हाईकच पुढे पेव लिहायला लागेल.

---

द्राक्षवेल (तासगाव)

धागा आजच वाचला. माझाही एक अडलाय. बेदाणा ठेवून ठेवून त्याच्यावर पांढरी साखर चढते, दाणा करकरीत होतो, त्याला काय म्हणायचं? क्रिस्टल लिहिलं तर गिऱ्हाइकाला काचेचे खडे वाटतील अशी भीती वाटते. आणि दाण्याला चिकटून राहिलेली ती बारीक काडी, तिला स्टेम म्हणू का?

---

हळदगंध (सांगली)

दादा, हे मी बघितलं. तुमच्या मालासाठी तर व्याख्यांचं तयार पानच आहे: कोडेक्सचं, म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, बेदाण्याचं मानक, इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात दोषांची नावं व्याख्येसकट दिली आहेत. साखर चढलेल्या दाण्याला शुगर्ड रेझिन, आणि त्या प्रकाराला शुगरिंग. काडीचे तिथे दोन वेगळे शब्द आहेत. दाण्याला चिकटून राहिलेला बारीक देठ म्हणजे कॅपस्टेम, आणि घडाच्या काडीचा सुटा तुकडा म्हणजे पीस ऑफ स्टेम. दोन्हींची मर्यादा वेगवेगळी मोजतात, तेव्हा नुसतं स्टेम लिहू नका.

---

द्राक्षवेल (तासगाव)

मिळालं ताई, पान उघडून वाचतोय. कॅपस्टेमच. आमच्याकडे मशीनवर निघतो तो हाच देठ. यादीतले बाकीचे दोषही आमच्या निवडणाऱ्या बायकांना विचारून त्यांच्या मराठी नावांसकट इथे टाकतो.